मोठ्या क्रूझवरचं जेवण: बुफेपेक्षा खालची डायनिंग रूम उजवी

माझी बरीच वर्षं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ म्हणून गेली. त्यामुळे ताटात काय वाढलंय यापेक्षा ते शिजून किती वेळ झालाय, हे मी आधी बघते. या जहाजावर जेवणाच्या जागा इतक्या आहेत की एकेक ठिकाण गाठतानाच सफर संपते, पण चांगलं-वाईट ठरलं ते या एकाच गोष्टीवर.

वरच्या डेकवरचा बुफे प्रचंड आहे. काउंटर उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात गेलात तर भाज्या करकरीत आणि मासे रसरशीत मिळतात. नंतर मात्र पास्ता एकमेकांना चिकटतो आणि माशाच्या कडा कोरड्या पडतात. यात आचाऱ्यांचा दोष नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या नियमानुसार मांडलेलं गरम अन्न ५७ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देता येत नाही, आणि तासभर तेवढ्या उष्णतेत राहिल्यावर कुठलाही मासा वाळणारच. स्क्रॅम्बल्ड एग्जचंही तेच. ट्रेमधली पाणचट झालेली घेऊ नका. टोकाला ऑम्लेटचा काउंटर आहे, तिथे रांगेत उभं राहा. तव्यावरून थेट बशीत पडलेल्या ऑम्लेटची चव खरंच वेगळी होती.

बुफेबद्दल माझी खरी तक्रार दुसरीच आहे. माझ्या भाच्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. सॅलडच्या काउंटरवर दाणे घातलेली कोशिंबीर आणि साधी काकडी शेजारीशेजारी होती, आणि लोक एकाच चिमट्याने दोन्ही वाढून घेत होते. मी सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी पाटी लागली, पण चिमटा तोच! ॲलर्जी असलेल्यांनी तिथलं उघड्यावरचं काही खाऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन.

खालच्या डायनिंग रूममध्ये याच्या अगदी उलट अनुभव आला. आम्ही ठरलेल्या वेळेची बैठक घेतली होती, म्हणजे रोज तेच टेबल आणि तोच वेटर. हेड वेटर रोज रात्री दुसऱ्या दिवशीचा मेनू घेऊन यायचा, भाच्याबरोबर बसून एकेक पदार्थ वाचायचा आणि त्याची निवड आधीच किचनला कळवायचा. त्याचं ताट वेगळं झाकून यायचं. एकदा डेझर्टमधल्या सॉसबद्दल खात्री नव्हती, तर वेटरने ते टेबलावर न ठेवताच परत नेलं आणि फळं आणली. हजारो माणसांना जेवायला घालताना एका मुलाकडे इतकं लक्ष पुरवणं सोपं नसतं, हे मी माझ्या कामामुळे जाणते. सूप सगळीकडे उत्तम, वाफाळतं. भाजलेलं मांस एखाद्या दिवशी जास्त शिजलेलं निघालं, पण परत दिलं की तक्रार न करता दुसरं यायचं.

चढण्याच्या दिवशी सगळे हातात बॅगा घेऊन बुफेकडे धावतात. आमच्या जहाजावर तेव्हा खालची डायनिंग रूमही दुपारी उघडी होती आणि निम्मी रिकामी होती. चढतानाच तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून घ्या.

जादा पैसे भरून जायच्या रेस्टॉरंटांपैकी स्टेकहाउस एका रात्रीसाठी जरूर करा. टेबलं कमी असल्यामुळे मांस आचेवरून थेट तुमच्यापुढे येतं. इटालियनसाठी मात्र पैसे घालवू नका, खालचा पास्ताही तितकाच चांगला आहे. रूम सर्व्हिसचं सँडविच थंड आणि ब्रेड ओलसर. बुफेतली कॉफी बेचव, कॅफेतली बरी.

स्टेकहाउसचं बुकिंग जहाज बंदराला लागतं त्या संध्याकाळचं करा. दिवसभर फिरून दमलेले बरेच जण लवकर झोपतात, त्यामुळे टेबल सहज मिळतं.