एनर्जी ऑडिट करून घेतलं: तपासणी फर्स्ट क्लास, रिपोर्ट जेमतेम

एसीवाला म्हणाला, दोन टनांचा लावा. खिडक्यावाला म्हणाला, सगळ्या काचा डबल करून टाका. दोघांनाही घर बघायला पाच मिनिटं पुरली. वरच्या मजल्यावरची खोली उन्हाळ्यात तापते, हिवाळ्यात गारठते आणि बिल दोन्ही वेळा चढंच येतं, एवढीच माझी तक्रार होती. ज्याला मला काही विकायचं नाही अशा कुणाकडून तरी आधी घर तपासून घ्यावं म्हणून घरात ऊर्जा कुठे वाया जाते ते मोजून सांगणाऱ्या एनर्जी ऑडिटवाल्यांना बोलावलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे थोडं उणंदुणं काढणार आहे.

आलेल्या दोघांनी आधी गॅसचा गीझर बंद करून त्याची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. ते मला आवडलं. चाचणीत पंखा घरातली हवा बाहेर खेचतो, त्यामुळे चालू ज्योतीचा धूर चिमणीतून वर जायच्या ऐवजी उलटा घरात येऊ शकतो. हे न सांगता जो पंखा लावेल त्याला सरळ परत पाठवा.

मग मुख्य दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवला. याला ब्लोअर डोअर म्हणतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलनं (हे दाबाचं एकक) कमी होईपर्यंत पंखा वाढवत नेतात, म्हणजे घरावर चहूबाजूंनी ताशी तीसेक किलोमीटरचा वारा आदळल्यासारखं होतं. "काकू, इथे हात धरा," त्यातला मोठा म्हणाला. जिन्याजवळच्या स्विचबोर्डातून चक्क झुळूक येत होती! भिंतीतल्या वायरच्या पाइपातून थेट माळ्यावरची हवा.

आकडा आला ९.४. म्हणजे त्या दाबाला घरातली सगळी हवा तासाला साडेनऊ वेळा बदलते. अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घराला पॅसिव्ह हाऊस म्हणतात. जर्मनीत डार्मस्टाटला १९९१ मध्ये लोक राहायला गेले ते पहिलं. पॅसिव्ह हाऊसच्या मापदंडात हीच मर्यादा ०.६ आहे. जुन्या घरानं तिथवर पोचावं असं कुणी म्हणत नाही, पण आपण कुठे आहोत ते कळलं.

गळती कुठे होती? एक झडप सोडली तर खिडक्या पास. खरी भोकं वर होती: माळ्याचं झाकण, बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमागून गेलेला पाइपांचा शाफ्ट आणि छतात बसवलेले दिवे. थंडीत गरम हवा वर चढते, वरच्या भोकांतून निसटते आणि खालून गार हवा आत ओढते. म्हणून बुजवायला सुरुवात वरून करायची. खालच्या दाराला कितीही रबर पट्ट्या लावा, वरचं झाकण उघडं असेल तर उपयोग थोडाच.

थर्मल कॅमेऱ्यात, म्हणजे तापमान रंगांत दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, छताच्या मधोमध एक चौकोन वेगळ्याच रंगाचा दिसला. वायरमननं दिवे लावताना इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) बाजूला सारलं होतं आणि तसंच ठेवून तो गेला होता. बरोबरचा पोरगा डक्टच्या चकचकीत पत्र्यावर कॅमेरा रोखून "इथे गार आहे" म्हणायला लागला, तर मोठ्यानं काही न बोलता पत्र्यावर काळी टेप चिकटवली आणि टेपवरचं तापमान वाचायला लावलं. चकचकीत धातू स्वतःचं तापमान धड दाखवत नाही, समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंब दाखवतो. अशा माणसाला पैसे द्यायला हात आखडत नाही. बाल्कनीचा स्लॅब आतून सलग बाहेर गेलाय, तिथून उष्णता जाते हेही त्यानं दाखवलं आणि "आता त्याच्या नादी लागू नका, ते बांधतानाच करायचं काम" असं तोंडावर सांगितलं.

आता रिपोर्ट. जाडजूड, आणि निम्म्याहून जास्त छापील मजकूर कुणाच्याही घराला चालेल असा. कार्बन किती वाचेल ते दोन दशांश स्थळांपर्यंत दिलंय, पण विजेच्या एका युनिटमागे किती उत्सर्जन धरलं ते कुठेच नाही. जगभरात ऊर्जेशी निगडित उत्सर्जनाचा चौथ्या हिश्शाहून जरा जास्त भाग इमारती चालवण्यातून येतो. मग हेच पान इतकं ढिसाळ कसं चालेल? शिवाय फोमचे बोर्ड सुचवले, पण ते कोणत्या वायूनं फुगवलेले असावेत याबद्दल अवाक्षर नाही. काही फोममध्ये एचएफसी-१३४ए हा वायू वापरतात. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,३०० पट. एका हातानं वाचवायचं आणि दुसऱ्या हातानं सोडायचं! मी रद्दी कागदापासून बनवलेलं सेल्युलोज इन्सुलेशन घेतलं. त्यांनी हरकत घेतली नाही, पण आपणहून सुचवलंही नव्हतं.

भोकं बुजवली, इन्सुलेशन सारखं पसरलं, बाथरूमला ठरावीक वेग धरणारा एक्झॉस्ट बसवला. घर घट्ट केलं की ताज्या हवेची सोय हवीच, नाहीतर ओल धरते. दुसऱ्या चाचणीत आकडा ५.८ वर आला. मग खोलीचा लोड, म्हणजे ती गार ठेवायला किती ताकद लागेल ते, नव्यानं काढला तर दीड टन पुरेसा निघाला. मोठा एसी खोली झटकन गार करून बंद पडतो आणि दमटपणा तसाच राहतो, हे दोन टनवाल्यानं सांगितलं नव्हतं. खिडक्या आहेत त्याच आहेत, एका झडपेचं रबर तेवढं बदललं.

पाचपैकी चार तारे. एक रिपोर्टपायी कापला. बोलावणार असाल तर दोन गोष्टी आधी विचारा. कामानंतरची दुसरी चाचणी फीमध्ये धरलीय का, आणि कॅमेरा कधी आणणार. आतबाहेरच्या तापमानात निदान दहा अंशांचा फरक नसेल तर चित्रात फारसं काही दिसत नाही, तेव्हा सोयीची तारीख म्हणून मधल्याच ऋतूतली देत असतील तर नाही म्हणा.