पायजीऑब्जेक्टमधील जीटीके टेम्प्लेट : सोयीचा, पण नावांवर विसंबणारा

विंडोची रचना एक्सएमएल फाइलीत आणि तिचे वर्तन कोडमध्ये, ही विभागणी जीटीके (विंडो, बटणे असलेले प्रोग्राम बनवण्याची लायब्ररी) वापरणाऱ्यांना जुनीच आहे. पूर्वी त्यासाठी लिबग्लेड ही वेगळी लायब्ररी लागे, जीटीके 2.12 पासून ते काम जीटीकेबिल्डर करू लागला. मात्र बिल्डरकडून प्रत्येक विजेट (बटण, मजकुराची चौकट असा विंडोतला घटक) आयडी सांगून मागून घ्यावे लागते, त्यामुळे मोठ्या विंडोच्या क्लासचा सुरुवातीचा बराच भाग या मागण्यांनीच भरतो. पायथनमधून जीटीके वापरू देणाऱ्या पायजीऑब्जेक्टच्या 3.30 आवृत्तीत आलेल्या जीटीके टेम्प्लेटने हा कंटाळा संपवला. क्लासवर डेकोरेटर (क्लासच्या वर लिहायची, त्याला जादा वर्तन देणारी ओळ) लावून त्याला यूआय फाइलचा, म्हणजे रचनेच्या त्या एक्सएमएल फाइलीचा, पत्ता द्यायचा, हवी ती विजेट ‘चाइल्ड’ म्हणून आणि सिग्नल (बटण दाबल्यासारख्या घटनेची सूचना) हाताळणाऱ्या मेथड ‘कॉलबॅक’ म्हणून नोंदवायच्या. पुढची जोडणी आपोआप होते.

ही सारी जोडणी नावांवर उभी आहे, आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. फाइलीतल्या टेम्प्लेटचे क्लासनाव पायथन क्लासच्या जीटाइप नावाशी (जीटीके ज्या नावाने तो क्लास ओळखते त्याच्याशी) अक्षरशः जुळावे लागते. आयडीत जोडरेघ असेल तर ‘चाइल्ड’ला ते नाव वेगळे सांगावे लागते. यातली चूक कोड चालवल्यावरच कळते, आणि विजेटच्या आयडीतली चूक तर ती विंडो प्रत्यक्ष तयार होईपर्यंत लपून राहते, म्हणजे क्वचित उघडल्या जाणाऱ्या सेटिंग्जच्या विंडोत ती कितीही काळ दडून बसू शकते. जीटीकेसाठी वापरल्या जाणाऱ्या वाला या भाषेचा कम्पायलर हीच फाइल वाचून नावे आणि प्रकार बांधणीच्या वेळीच पडताळतो. पायथनमध्ये ती जबाबदारी आपल्या चाचण्यांवर येते.

दुसरी अडचण क्रमाची. एका टेम्प्लेटमध्ये आपलेच दुसरे विजेट वापरले असेल, तर त्याचा क्लास आधी इम्पोर्ट होऊन त्याचा प्रकार नोंदलेला असावा लागतो, अन्यथा बिल्डर तो प्रकार अवैध ठरवतो. कोडमध्ये त्या इम्पोर्टचा थेट उपयोग कुठेच दिसत नसल्याने लिंटर (कोडमधल्या त्रुटी दाखवणारे साधन) तो काढून टाकायला सुचवतो, आणि त्याचे ऐकणारा हमखास फसतो. त्या ओळीशेजारी एक टिप्पणी लिहून ठेवणे उत्तम. यूआय फाइल रिसोर्समध्ये (प्रोग्रामसोबत बांधलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यात) ठेवली असेल, तर तो रिसोर्सही क्लासची व्याख्या होण्यापूर्वी नोंदवावा लागतो.

टेम्प्लेट लावलेल्या क्लासपासून पुन्हा वारसा घेता येत नाही, ही मर्यादा समान साच्याचे अनेक डायलॉग बनवणाऱ्यांना नक्की जाचेल. विंडो चित्ररूपात रचण्याचे ग्लेड हे साधन जीटीके 4 ला साथ देत नसले तरी ब्लूप्रिंट या रचना लिहिण्याच्या सुटसुटीत भाषेत लिहिलेली रचना शेवटी एक्सएमएलच होते, त्यामुळे डेकोरेटरला काही फरक पडत नाही. नवा प्रकल्प पायथनमध्ये असेल तर मी बिल्डरऐवजी हाच मार्ग सुचवेन, मात्र प्रत्येक विंडो एकदा तरी तयार करून पाहणारी चाचणी त्यासोबत हवीच.