मेमॉयर '४४ ची सेना रंगवली, महिनोन् महिने खेळलो, आता काय टिकलंय ते सांगतो

मेमॉयर '४४ या दुसऱ्या महायुद्धावरच्या बोर्ड गेमच्या सोंगट्या रंगवायला मागच्या पावसाळ्यात घेतल्या होत्या. झाल्यावर त्या शोकेसमध्ये ठेवल्या नाहीत, जवळजवळ दर रविवारी खेळतोय, कधी घरी कधी मित्राकडे, त्यामुळे कुठला रंग टिकला, कुठला निघाला आणि कशावर केलेला खर्च फुकट आहे हे आता जरा खात्रीने सांगता येतं. नव्या रंगवलेल्या सोंगट्यांचे फोटो ढीगभर बघायला मिळतात, पण चार-सहा महिने दहा जणांचे हात लागल्यावर त्यांचं काय होतं ते कोणी लिहीत नाही, म्हणून हा उपद्व्याप.

ज्यांनी खेळला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. रिचर्ड बोर्गचा गेम, डेज ऑफ वंडर या कंपनीने २००४ मध्ये काढला, नॉर्मंडीच्या लढाईला ६० वर्षं झाली त्या वर्षी. डब्यात १४४ सोंगट्या, म्हणजे प्रत्येक बाजूला ४२ सैनिक, २४ रणगाडे आणि ६ तोफा. मित्रराष्ट्रं हिरवी, जर्मन निळसर करडे. पायदळाची तुकडी चार सैनिकांची, रणगाड्यांची तीनची, तोफांची दोनची, आणि फटका बसला की एक सोंगटी उचलायची, तुकडीतली शेवटची उचलली की ती समोरच्याच्या मेडलच्या, म्हणजे गुणाच्या, जागेवर जाऊन बसते. हे मुद्दाम सांगतोय कारण रंगाचं सगळं गणित इथेच आहे. सोंगटी सारखी उचलली जाते, तीही डोक्याला धरून, आणि चहा-भजी चालू असताना.

त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. खेळायची सोंगटी रंगवायची तर ती टेबलाच्या पलीकडून ओळखू आली पाहिजे, सुंदर दिसणं त्याच्यानंतर. माझ्या एका मित्राने पुस्तकं बघून अगदी खरे युनिफॉर्म दिलेत, जर्मन फील्ड ग्रे, अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅब, जवळून बघितलं तर अप्रतिम काम आहे, माझ्यापेक्षा कितीतरी सरस. पण संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली खेळायला बसलो की माझा भाचा दर चालीला विचारतो, "मामा, हे आपले का त्यांचे?" दोन्ही रंग मळकट हिरवट-करडे, वरून तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, दोन हातांवरून सगळं एकच दिसतं. कंपनीने दिलेलं नुसतं हिरवं आणि नुसतं निळसर प्लास्टिक त्यापेक्षा खेळायला सोपं होतं हो.

मी त्यावर काढलेला उपाय काही नवीन नाहीये, पण चालतो. अंगावर कपडे पाहिजे तसे खरे रंगवा, पायाखालच्या चकतीची कड मात्र ठळक रंगात ठेवा. मित्रराष्ट्रांना हिरवी कड, जर्मनांना निळसर करडी, म्हणजे मूळ प्लास्टिकचाच रंग, फक्त जरा उजळ. चकतीवर गोंद लावून वाळू टाकायची हौस असते सगळ्यांना, मी पण चाळलेली वाळू आणि एकदा रांगोळी लावून बघितली, रांगोळी तर फारच छान बसते, बारीक दगडाची पूडच ती. पण या गेमसाठी सोडून दिलं. चकती एवढीशी असते, तिच्यावर वाळू आली की कडेचा रंग दिसत नाही, आणि डब्यात शेजारच्या सोंगटीला घासून तिचा रंग घालवते ते वेगळंच.

रणगाड्यांच्या बाबतीत मात्र इतिहासच मदतीला आला. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मनांनी गाड्यांचा मूळ रंग गडद करड्याऐवजी गडद पिवळा केला, डुंकेलगेल्ब म्हणतात तो, त्यावर हिरवे आणि तांबूस तपकिरी पट्टे. म्हणजे १९४४ च्या नॉर्मंडीत जर्मन रणगाडा पिवळाच पाहिजे. तो पिवळा आणि अमेरिकन शेर्मन रणगाड्याचा ऑलिव्ह ड्रॅब यात गोंधळ व्हायचा प्रश्नच नाही, आंधळ्यालाही कळेल. व्हॅलेहो कंपनीचा मिडल स्टोन हा रंग त्यासाठी वापरला, थोडा पांढरा मिसळून, कारण एवढ्या लहान वस्तूवर खरा रंग जसाच्या तसा दिला तर तो काळपट दिसतो. पट्टे पातळ रंगाने, ब्रशने, घाई न करता. एअरब्रश, म्हणजे हवेने रंग फवारायचं यंत्र, माझ्याकडे नाही आणि घ्यायचा विचारही नाही, फ्लॅटमध्ये कंप्रेसरचा आवाज ऐकून खालच्या काकू वर येतील.

आता तयारीचं. बोर्ड गेमच्या सोंगट्या बहुतेक मऊ प्लास्टिकच्या असतात, बंदुका आणि तोफांच्या नळ्या डब्यात दाबून वाकतात. नुकत्याच उकळलेल्या पाण्याच्या भांड्यात सोंगटी काही सेकंद बुडवायची, बोटाने सरळ करायची आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. सरळ राहते, बहुतेक वेळा. कधी कधी महिनाभराने परत वाकते, त्याला इलाज नाही. मग भांडी घासायच्या लिक्विडने जुन्या टूथब्रशने धुवायच्या, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी अंगावर असतं, त्याच्यावर रंग धरत नाही. हा टप्पा कंटाळवाणा आहे पण टाळू नका, न धुतलेल्या सोंगटीचा रंग नखाने सोलून निघतो, करून बघा एकावर.

प्रायमरवर, म्हणजे रंगाच्या आधी द्यायच्या पायाच्या थरावर, सगळ्यात जास्त प्रश्न येतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा स्प्रे, जो आपण गेटला वगैरे मारतो, तो या मऊ प्लास्टिकवर मारायचा नाही. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे घातलेलं असतं त्याचं आणि स्प्रेमधल्या सॉल्व्हंटचं जमत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो तो राहतोच. मी एका तुटक्या रणगाड्यावर चाचणी म्हणून मारला होता, तो अजूनही बोटाला चिकटतो, धूळ बसून केसाळ झालाय. हाताने लावायचा पाण्यातला पॉलियुरेथेन प्रायमर घ्या, व्हॅलेहोचा सरफेस प्रायमर मी वापरला, दोन पातळ हात, आणि मग पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. दिसायला कोरडा झाला तरी आतून पक्का व्हायला वेळ लागतो. हे सोसायचं नसेल तर ही हॉबी नको.

रंगवायची पद्धत म्हणाल तर काळा प्रायमर, त्यावर करड्या आणि मग पांढऱ्याचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश वरून घासायचा, की उंचवटे उजळ आणि खाचा काळ्या, आणि वर कंट्रास्ट प्रकारचा पातळ रंग एकच हात. कंट्रास्ट रंग सिटाडेल या रंगांच्या ब्रँडने २०१९ मध्ये आणले आणि तेव्हापासून बाकीच्यांनीही काढले. ४२ सैनिक रंगवायचे म्हणजे एकेकाला शेडिंग करत बसलात तर दिवाळी उजाडेल, या पद्धतीने टीव्ही बघता बघता होतं. आइस्क्रीमच्या काड्यांवर डबल टेपने चार-चार चिकटवा आणि सगळ्यांच्या पँटी, मग सगळ्यांचे बूट, मग सगळ्यांच्या बंदुका, असं. एक सावध करतो, या प्रकारचे काही रंग वर दुसरा ओला रंग लावला की परत विरघळून वर येतात, कपड्याचा हिरवा चेहऱ्यात मिसळतो. नवी बाटली घेतली की आधी एका कडेला ट्राय करा. आणि वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी पाटी, विकत घेऊ नका. श्रीखंडाचा रिकामा डबा, भांड्याचा पातळ स्पंज आणि बेकिंगचा कागद, काम झालं. बटर पेपर म्हणून दुकानदार जो मेणाचा कागद देतो तो मात्र चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही.

आता मुख्य गोष्ट, वार्निश. माझ्या अनुभवात टिकण्याचं सत्तर टक्के श्रेय याला. आधी ग्लॉसचे दोन हात, ते पक्कं झाल्यावर मॅटचा एक. ग्लॉस टणक असतो, मॅट फक्त चमक मारतो. नुसत्या मॅटवाली एक तुकडी मी फरक बघायला वेगळी ठेवली होती, तिच्या हेल्मेटच्या टोकावरचा रंग केव्हाच गेला, खालचा काळा दिसतोय, आणि ग्लॉसवाल्यांची हेल्मेटं अजून शाबूत आहेत. पावसाळ्यात स्प्रेचं मॅट वार्निश अजिबात मारू नका, हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढरी बुरशी आल्यासारखा थर येतो. पुण्यात जुलैमध्ये तर बाल्कनीत उभं राहूनही नको, कोकणात किंवा मुंबईत असाल तर ऑक्टोबरपर्यंत ब्रशनेच लावा.

तरीही जे निघालं ते सांगायलाच पाहिजे. बंदुकांची टोकं. प्लास्टिक वाकतं, रंग वाकत नाही, चीर पडते आणि खपली निघते, कुठलंही वार्निश लावा. तोफांच्या नळ्यांचं पण तेच. मी आता दर दोन-तीन महिन्यांनी काळा रंग घेऊन बसतो आणि टोकं परत रंगवतो, दहा मिनिटांचं काम आहे. रणगाड्यांच्या चाकांवरच्या साखळीपट्ट्यांचे रंग खालून पार घासले गेलेत, पण ते उलट चांगलंच दिसतं, चिखलात फिरून आल्यासारखं. ठेवायला नटबोल्टचा खणाखणांचा डबा घेतला, तळाला फोम, एका खणात एक तुकडी, त्यामुळे एकमेकांना घासणं बंद झालं आणि खेळ मांडायलाही पटकन होतं.

कस्टमायझेशनचं आता, ज्याच्यासाठी मी मुळात यात पडलो. या गेमच्या मेडिटेरेनियन नावाच्या विस्तारात, म्हणजे वेगळ्या विकत मिळणाऱ्या जोडडब्यात, ब्रिटिश सैन्य वेगळं मिळतं. इटलीत ब्रिटिश आठव्या आर्मीबरोबर भारतीय डिव्हिजन लढल्या, त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या, आणि आपल्याकडच्या दोघांना तिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडमधले नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात, मरणोत्तर, आणि नगरकडचे शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर. घाडग्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मशिनगनच्या माऱ्यात पडले आणि ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते, सुरुंगातून आणि पाण्यातून दोन जखमींना बाहेर काढून परत मागे गेले आणि मशिनगनची ठाणी बंद पाडली. मग म्हटलं ब्रिटिश तुकड्यांपैकी दोन मराठा पलटणीच्या करायच्याच.

करायला फार काही लागत नाही. स्टीलचं हेल्मेट तसंच, कपडे तेच, एकाला जुलै म्हणून फिकट खाकी, दुसऱ्याला तपकिरी लोकरी बॅटलड्रेस, व्हॅलेहोचा इंग्लिश युनिफॉर्म हा रंग त्याला बरोबर बसतो. काम आहे ते चेहऱ्याच्या आणि हाताच्या रंगाचं. फ्लेश नावाने जे काही मिळतं ते युरोपियन कातडीचं, त्याने आपला माणूस काढायला गेलं की तो आजारी दिसतो. बेज ब्राउन घ्या, त्यात फ्लॅट फ्लेशचा थेंबभर, वरून तांबूस वॉश. काळा वॉश नको, चेहऱ्याला काजळी लागल्यासारखं होतं. नाक आणि गालाच्या हाडावर मिश्रणातच अजून थोडा फ्लेश घालून एक ठिपका, बस. मिशी एकालाच काढली, एवढ्या लहान तोंडावर ती सगळ्यांना काढली तर नाटकातले शिपाई वाटतात. या तुकड्यांच्या कडेला विटकरी रंग दिलाय, त्यामुळे ब्रिटिशांत उभ्या असल्या तरी ओळखू येतात. सेनिओची लढाई गेमच्याच नदीच्या षटकोनी तुकड्यांनी मांडली, दोन्ही काठांवर टेकड्यांचे तुकडे ठेवून, कारण त्या नदीला दोन्हीकडे उंच बांध आहेत. दर वेळी जर्मनच जिंकतात हा भाग वेगळा, बांधामागून त्यांना हलवणं अवघड जातं, अजून एक-दोन चालीची कार्डं मराठ्यांना वाढवून द्यावी लागतील.

मित्राकडे अॅक्सिस अँड अलाइज हा महायुद्धावरचा दुसरा बोर्ड गेम पण आहे, लॅरी हॅरिसचा, मिल्टन ब्रॅडलीने १९८४ मध्ये काढलेला आणि त्यानंतर बऱ्याच आवृत्त्या निघालेला. तो म्हणाला हे पण रंगव. तिथे मी पूर्ण रंगवायला साफ नाही म्हटलं. पाच देश, प्रत्येकाचा एक प्लास्टिकचा रंग, आणि एका देशाच्या विमानवाहू जहाजावर दोस्त देशाची विमानं उतरू शकतात, म्हणजे एकाच जागी दोन-तीन देशांची सरमिसळ. तिथे प्लास्टिकचा रंग झाकला की खेळ संपला. त्यामुळे फक्त खाचांत वॉश आणि विमानांच्या पंखांवर खुणा, टूथपिकचं टोक रंगात बुडवून जपानी विमानावर लाल ठिपका, ब्रिटिशांना निळा ठिपका आणि वाळल्यावर मधे बारीक लाल. एका संध्याकाळचं काम, आणि टेबलावर सगळं उठून दिसतं.

खर्चाचं म्हणाल तर रंग स्वस्त नाहीत, पण या एका गेमला बाटल्या दहा-बारा पुरतात, त्यातल्या अर्ध्या अजून भरलेल्या आहेत. पैसे टाकायचेच तर एका चांगल्या टोकाच्या ब्रशवर आणि वार्निशवर टाका, बाकी कपडे-बूट रंगवायला साधे सिंथेटिक ब्रश झकास चालतात. संपलं ते फक्त ग्लॉस वार्निश, ते परत मागवलंय, कारण मेमॉयर '४४ च्या ईस्टर्न फ्रंट या विस्ताराचा डबा घरी आलाय आणि भाच्याला रशियनांना लाल कड पाहिजे. लाल आणि विटकरी रात्री दिव्याखाली सारखेच दिसणार, त्यामुळे मी पिवळ्यावर अडून बसलोय. भांडण चालू आहे.