चार दिवसांची सुट्टी: प्राग की व्हिएन्ना?

ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण दरवर्षी गुरुवारी येतो. शुक्रवारी एक रजा टाकली की जर्मनीत राहणाऱ्यांना सलग चार दिवस मिळतात, आणि आमच्या म्युनिकच्या मित्रमंडळीत तोच प्रश्न निघतो: प्राग की व्हिएन्ना? मी दोन्ही शहरं दोनदा केली आहेत, एकदा मित्रांबरोबर आणि एकदा पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन. म्हणून मी आधी विचारतो, बरोबर कोण आहे आणि त्यांचे गुडघे कसे आहेत?

प्राग बघायचं ते पायीच. जुन्या भागात रस्त्यांना दगडी चिरे बसवलेत. दुपारपर्यंत मजा वाटते, संध्याकाळी पोटऱ्या बोलायला लागतात. सम्राट चौथ्या चार्ल्सने 1357 साली सुरू केलेल्या चार्ल्स पुलावर सकाळी सहाला गेलात तर दोन्ही कठड्यांवरचे तीस पुतळे निवांत बघता येतात. दहा वाजता तिथे दिवाळीतला लक्ष्मी रोड असतो. संत नेपोमुकच्या पुतळ्याखाली ब्राँझचा फलक आहे. लोकांचे हात लागून लागून त्यातल्या ठरावीक जागा सोन्यासारख्या चकाकतात, बाकीचा फलक काळपट. आईने काही न विचारता तिथे हात लावला आणि कपाळाला टेकवला.

किल्ल्यावर चढून जाऊ नका. 22 नंबरच्या ट्रामने पोहोर्झेलेत्सपर्यंत वर जा आणि किल्ला बघत खाली उतरा. आईचं निम्मं दुखणं त्याने वाचलं. जुन्या टाउन हॉलवरच्या 1410 च्या घड्याळाखाली तासाच्या ठोक्याला गर्दी जमते, सांगाड्याचा पुतळा दोरी ओढतो, येशूच्या शिष्यांचे पुतळे खिडकीतून फिरून जातात. नीट बघेपर्यंत संपतं. ज्यू वस्तीतली सिनगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, आणि जुनी दफनभूमी शनिवारी बंद असतात. पहिल्या खेपेला हे न बघता गेलो आणि फाटकावरून परतलो.

व्हिएन्नाचं खरं वैभव दाराच्या आत आहे, त्यामुळे पाऊस लागला तरी सहल बुडत नाही. कुन्स्टहिस्टोरिशेस या कलासंग्रहालयात ब्रॉयगलच्या 1563 मधल्या बाबेलच्या मनोऱ्याच्या चित्रासमोर बाकावर बसून बाबांनी पाऊण तास काढला. शहराचा मध्य बराचसा सपाट, मेट्रो आणि ट्राम हाताशी. कॉफीहाउसात चांदीसारख्या तबकात मेलांज नावाची फेसाळ दुधाची कॉफी येते, शेजारी पाण्याचा ग्लास, ग्लासावर पालथा चमचा. एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. ऑपेरात उभ्याने बघायची तिकिटं स्वस्तात मिळतात. मित्रांबरोबर हे जरूर करा, आई-बाबांबरोबर नको. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ऑपेरा बंद.

1683 च्या सप्टेंबरात तुर्कांचा वेढा उठला तो याच शहराचा. त्याच वर्षाच्या अखेरीस संभाजीराजे गोव्यात पोर्तुगिजांवर चालून गेले होते, हे बाबांनी स्टेफान चर्चसमोर उभं राहून आम्हाला ऐकवलं. गाइडची गरज पडली नाही.

या सुट्टीपुरती एक मेख आहे. तो गुरुवार ऑस्ट्रियात सार्वजनिक सुट्टीचा, शिवाय रविवारीही दुकानं बंद, नाशमार्क्ट हा मोठा बाजारसुद्धा. मोठ्या स्टेशनांतली सुपरमार्केटं तेवढी उघडी असतात. चेक प्रजासत्ताकात तो गुरुवार कामाचाच दिवस, आणि रविवारीही दुकानं चालू. खरेदी करायची असेल तर प्राग.

खर्चातही प्राग हलकं, विशेषतः हॉटेल आणि बिअर. तिथे युरो नाही, कोरुना चालतो. कार्ड मशीनने विचारलं तर कोरुनाच निवडा, युरो निवडलात की दर मार खातो. शाकाहाऱ्यांना प्रागच्या जुन्या खानावळीत फिरून फिरून तळलेलं चीज आणि बटाटे, तिसऱ्या दिवशी कंटाळा. व्हिएन्नात पर्याय जास्त. अंडं चालत असेल तर काइझरश्मार्न नावाचा तुकडे केलेला गोड जाडसर पॅनकेक जेवणाऐवजी खपून जातो.

म्युनिकहून व्हिएन्ना रेल्वेने साधारण चार तास, प्राग जवळपास सहा. काहीजण दोन्ही एकाच फेरीत करू म्हणतात. दोन्हींच्या मध्ये आणखी चार तासांचा प्रवास, वर दोनदा बॅगा भरा. मी तरी करणार नाही.

मित्रांबरोबर असतो तर आजही प्रागच धरलं असतं. यंदा सासू-सासरे येताहेत, आणि सासऱ्यांचा गुडघा मार्चमध्येच बदललाय. व्हिएन्नाची तिकिटं काढली, शॉनब्रुन राजवाड्याची सकाळची वेळही घेऊन ठेवलीय.