बांबूची टोपली: नागपुरात घेताना बूड आधी पाहा

कांदे-बटाटे ठेवायला प्लॅस्टिकच्या क्रेटपेक्षा बुरडाची टोपली केव्हाही सरस. हवा खेळती राहते, तळाशी ओल साचत नाही. पण नागपूरच्या रस्त्याकडेला मिळणारी प्रत्येक टोपली घेण्याजोगी नसते.

आधी उलटी करा. उभ्या कामट्या बुडाच्या मध्यावर एकमेकींवरून जातात तिथे अंगठ्याने दाबा. हलल्या तर समजा, पट्ट्या फार ओल्या असताना विणल्या आणि वाळताना आकसल्या. असं बूड वजनाने आणखी सैल होतं. काठाशी कामट्या वळवून आत खोवलेल्या हव्यात. नुसत्या छाटून तारेने आवळलेला काठ उसवतो, हातालाही लागतो.

मग पट्टी. बाहेरच्या सालीची पट्टी गुळगुळीत, चिवट. आतल्या गाभ्याची स्वस्त, पण ठिसूळ, आणि घुणही तिलाच आधी लागतो, कारण बांबूतला स्टार्च हे त्याचं खाद्य. टाचणीएवढी भोकं किंवा पिठासारखी भुकटी दिसली तर फुकटही घेऊ नका, घरातल्या सुपालाही लागण होईल. रंगवलेल्या टोपलीत हे सगळं झाकलं जातं, म्हणून बिनरंगीच घ्यावी.

विदर्भातला मानवेल जातीचा बांबू जवळपास भरीव असतो. ओझं उचलायच्या टोपलीला तोच मागा. सालीच्या पट्टीची, खोवलेल्या काठाची टोपली असेल तर भाव करू नये, त्यात मेहनत दुप्पट आहे.

धुतल्यावर सावलीत वाळवा. मे महिन्याच्या उन्हात पट्ट्या तडकतात.