भंगारातला एसएमपीएस दुरुस्तीच्या टेबलावर: फवारणीच्या हंगामापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या सामानात टेबलावर कायमची जागा मिळवली ती एकट्या एसएमपीएसने, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या पत्र्याच्या डब्याने (पॉवर सप्लाय). बाकीचं बहुतेक खोक्यात पडून आहे. परभणीत घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी मिक्सर, एलईडी बल्ब आणि हंगामात फवारणीचे बॅटरीपंप दुरुस्त करतो. कापसावरची फवारणी सुरू झाली तेव्हा हा सप्लाय जोडला, तो उन्हाळा काढूनही चालू आहे.

भंगारात निवडताना लेबलवरच्या 450 वॉटला भुलू नका, हातात घेऊन वजन बघा. हलका डबा बहुधा आतूनही रिकामाच निघतो. जाळीतून टॉर्च मारून कॅपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या गोल डब्यांची) टोपणं फुगलेली नाहीत ना, तेवढं पाहा. नव्या ऑफिस-मशीनमधले काही सप्लाय फक्त 12 व्होल्टच देतात, ते या कामाचे नाहीत. 20 किंवा 24 पिनांचा नेहमीचा कनेक्टर हवा.

जोडणी सोपी आहे. हिरवी वायर काळीला लावली की सप्लाय चालू होतो. मी मध्ये साधं बटण घातलंय. पिवळी 12 व्होल्ट, लाल 5, नारिंगी 3.3. जांभळी 5 व्होल्टची, ती बटण बंद असलं तरी चालू असते, म्हणून तिच्यावर लाल एलईडी लावलाय. नारिंगीसोबत कुठे कुठे बारीक तपकिरी वायर येते, ती कापून मोकळी सोडू नका. व्होल्टेज नीट आहे का हे सप्लाय तिच्यातूनच बघतो. ती सुटली तर तो चालूच होत नाही. जुन्या सप्लायला 5 व्होल्टवर थोडा लोड, म्हणजे करंट ओढणारं काहीतरी, लागतो, नाहीतर 12 चा आकडा हलत राहतो. दहा ओमचा, दहा वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर लाल-काळीत टाकला. जेमतेम अर्धा अँपिअर जातो, पण चांगलाच तापतो. म्हणून तो पंख्याच्या वाऱ्यात, पत्र्याला स्क्रूने आवळलाय.

कामाचं म्हणाल तर फवारणी पंपासाठी याला तोड नाही. पंप आला की आधी मोटर थेट 12 व्होल्टवर लावायची. पाणी जोरात फेकलं तर दोष बॅटरीत किंवा बटणात, नाहीतर मोटरमध्ये किंवा डायफ्राममध्ये (पंपातल्या रबरी पडद्यात). दोन मिनिटांत निकाल. पंप सुरू होताना माझ्या मीटरवर 12.1 चे 11.6 होतात, 5 टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे 11.4 पर्यंत चिंता नाही.

हंगामात एक प्रश्न हमखास येतो. शेजारच्या वाडीचे एक मामा पंप टेबलावर ठेवून म्हणाले, "दादा, ह्याच्यावरच बॅटरी चार्ज करून द्या की!" नाही होत, मामा. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला 14 व्होल्टच्या आसपास लागतात, 12 वर ती अर्धवटच राहते. चार्जर वेगळाच ठेवा.

आता तक्रारी. पहिली म्हणजे याला करंटची मर्यादा ठरवता येत नाही. बारीक वायरीचा शॉर्ट झाला तर सप्लायला तो साधा लोड वाटतो, आणि तो ट्रिप व्हायच्या आत वायर लाल होते. प्रत्येक लाइनला गाडीत असतो तसला 5 अँपिअरचा चपटा फ्यूज घाला, खर्च चहापाण्याएवढा.

दुसरी आपल्याकडच्या घरांची. डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर मंद पेटतो. सप्लाय खराब नसतो. आत फेज आणि न्यूट्रलकडून डब्याकडे छोटे कॅपॅसिटर असतात, त्यांची गळती अर्थिंगमधून जायला हवी. जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण मागे अर्थिंगची वायरच नसते. आमच्याकडे नवा पाइप गाडून, कोळसा-मीठ भरून घेतलं, तेव्हा झिणझिण्या थांबल्या. एप्रिल-मेमध्ये जमीन फुटते तेव्हा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं. टू-पिन वापरणाऱ्यांनी हा उद्योग करूच नये.

तिसरं, काही जुन्या डब्यांच्या मागे 115/230 चं लाल बटण असतं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कुणाला तरी ते सरकवायचा मोह होतोच. पुन्हा 230 आलं की आतले कॅपॅसिटर फटाक्यासारखे उडतात. मी त्यावर एम-सील लावून टाकलंय. आणि डबा उघडायचाच असेल तर प्लग काढून थांबा. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर 300 च्या वर व्होल्ट असतात, मीटरने शून्याजवळ दिसल्याशिवाय बोट घालू नका.

उन्हाळ्यात पत्र्याखाली पंखा फार ओरडतो. कापसाची तूस आणि धूळ जाळीवर बसते, ती ब्रशने झाडत राहावं लागतं.

बाकी सामानाचं थोडक्यात. कॅबिनेटचा पंखा सोल्डरचा धूर ओढायला उत्तम. हार्डडिस्कमधलं चुंबक स्क्रू सांभाळतं, फक्त दोन चुंबकांच्या मध्ये बोट सापडू देऊ नका. लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल मात्र मी वापरत नाही. मीटरवर 4 व्होल्ट दाखवणारा सेलही लोड देताच बसतो, आणि पत्र्याच्या खोलीत लिथियमची जोखीम कोण घेणार? मदरबोर्ड आणि रॅमचा घरी काही उपयोग नाही. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याला ते देऊ नका; मी साठवून ठेवतो आणि संभाजीनगरला जाणं झालं की नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडे टाकतो.

यापुढे दुसरा सप्लाय मिळाला तर त्यावर बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारं छोटं सर्किट) बसवून 1 ते 10 व्होल्ट फिरवता येईल असं करायचंय. एलईडी बल्बच्या पट्ट्यांना त्याचा उपयोग नाही, त्यांना जास्त व्होल्ट लागतात. पण खेळण्यातल्या मोटारी आणि रेडिओ त्यावर भागतील.