खुबा मोडण्याआधी गाठणारी सेवा: ग्लासगोच्या फ्रॅक्चर लायझन सर्व्हिसचं परीक्षण

साठी-सत्तरीतली बाई मोरीत घसरते, हात टेकते, मनगट मोडतं. प्लास्टर घातलं जातं, सहा आठवड्यांनी ते निघतं, ‘हाड छान जुळलं’ असं सांगून फाइल बंद होते. उभ्या उंचीवरून पडल्यावर निरोगी हाड सहसा मोडत नाही. ते मोडलं याचा अर्थ ते बहुधा आधीच ठिसूळ झालं होतं, आणि हे वाक्य डिस्चार्ज कार्डावर क्वचितच लिहिलेलं असतं. पुढची काही वर्षं आपण काहीच करत नाही. मग मणका दबतो, नाहीतर खुबा मोडतो. खुबा मोडलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचं एखादं हाड आधी मोडलेलं असतं. पहिल्या फ्रॅक्चरनंतर दुसऱ्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि तो सर्वांत जास्त पहिल्या दोन वर्षांत असतो. म्हणजे हात घालायची वेळ नेमकी तीच, जेव्हा घरचे ‘सुटलो एकदाचे’ म्हणत असतात.

ही फट बुजवण्यासाठी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १९९९ साली फ्रॅक्चर लायझन सर्व्हिस, म्हणजे हाड मोडलेल्यांना पुढच्या तपासणी-उपचाराशी जोडून देणारी सेवा, सुरू झाली. अॅलिस्टर मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली ही सेवा आज जगभर नमुना मानली जाते. आम्ही तिच्याकडे पाहतो ते एकाच प्रश्नासाठी: ती नेमकं काय करते आणि कुठे कमी पडते?

या सेवेचा कणा म्हणजे एक प्रशिक्षित परिचारिका. यंत्र आणि औषध तिच्यानंतर येतात. पन्नाशी ओलांडलेल्या आणि नवं हाड मोडलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला शोधणं हे तिचं काम. ऑर्थोपेडिक वॉर्ड आणि फ्रॅक्चर क्लिनिकची यादी ती स्वतः चाळते. सर्जनला आठवण होईल, तो चिठ्ठी लिहील, रुग्ण ती चिठ्ठी घेऊन येईल, या साखळीवर ती विसंबत नाही. सुरुवातीच्या दीड वर्षातच तिथे ४,६०० हून अधिक रुग्ण या वाटेने गेले. आमच्या मते सेवेचं खरं मोठेपण इथेच आहे. सर्जनचं लक्ष मोडलेल्या हाडावर असतं आणि असायलाच हवं. फॅमिली डॉक्टरला कित्येकदा फ्रॅक्चर झाल्याचंच कळत नाही. दोघांच्या मधल्या जागेला नाव आणि माणूस मिळाला, एवढ्यानेच बराच फरक पडला.

यादीत आलेल्या रुग्णाची तपासणी, शक्यतो ९० दिवसांच्या आत, कशी होते हे बारकाईने बघण्यासारखं आहे. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडाची घनता मोजणारा खास एक्स-रे, कमरेच्या मणक्यांचा आणि खुब्याचा होतो. टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेतला घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. पण यात फसगतीच्या जागा आहेत. ज्या खुब्यात रॉड किंवा बॉल बसवलाय तो मोजायचा नसतो, दुसऱ्या बाजूचा मोजायचा. दबलेला मणका किंवा म्हातारपणाने हाड वाढलेला मणका यंत्राला जास्त घट्ट दिसतो आणि आकडा खोटाच चांगला येतो. अशा वेळी खुब्याच्या आकड्यावर भर द्यायचा. पुढच्या वर्षीचा स्कॅन त्याच यंत्रावर करायचा, कारण दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. आणि टी-स्कोर उणे २ आला म्हणून सुटका नाही: खुबा किंवा मणका किरकोळ पडण्याने मोडला असेल तर आकडा काहीही असो, उपचाराचा विचार करावाच लागतो.

स्कॅनबरोबर रक्ताच्या तपासण्या येतात: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, व्हिटॅमिन डी, थायरॉइड, हिमोग्राम आणि ईएसआर, शंका आली तर पॅराथॉर्मोन (पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) आणि प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातल्या प्रथिनांची तपासणी). ही शेवटची दोन नावं यादीत उगाच नाहीत. ‘वयामुळे हाड ठिसूळ झालं’ असं म्हणून सोडलेल्या काही रुग्णांत मुळाशी पॅराथायरॉइडची गाठ किंवा मायलोमासारखा रक्ताचा कर्करोग निघतो. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं घेतलेली स्टेरॉइड्स, ही माहितीही विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

औषधाच्या पायरीवर सर्वाधिक चुका होतात, आणि चांगली सेवा इथे ओळखू येते. हाडाची झीज रोखणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची ७० मिलिग्रॅम अॅलेंड्रोनेटची गोळी स्वस्त आहे, उपयोगी आहे, पण नियम कडक आहेत. सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, भरलेला पेला साध्या पाण्याबरोबर. चहा नाही, दूध नाही, कॅल्शियमची गोळी नाही. नाहीतर औषध शरीरात जवळपास शिरतच नाही. नंतर अर्धा तास बसून किंवा चालत राहायचं. परत अंथरुणावर पडलात तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण पडू शकतो. आपल्याकडे यात आणखी एक गाठ आहे: बऱ्याच बायकांची थायरॉइडची गोळीही सकाळी उपाशीपोटीच असते. दोन्ही एकदम गिळायच्या नाहीत. त्या दिवशीचा क्रम डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावा. हे पाच मिनिटं बसून समजावलं नाही तर दोन महिन्यांत छातीत जळजळ सुरू होते आणि पाकीट कपाटात जाऊन पडतं.

ज्यांना गोळी झेपत नाही, किंवा खुबा मोडल्यावर आठवणीने गोळी देणारं घरात कोणी नाही, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा सलाईनमधून ५ मिलिग्रॅम झोलेड्रॉनिक आम्ल. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या हॉरायझन चाचणीत खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत हे सुरू केलेल्यांमध्ये नवी फ्रॅक्चर्स ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. देण्याआधी व्हिटॅमिन डी भरून काढलेलं हवं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जातं. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा, ३५ च्या खाली असेल तर देत नाहीत. सलाईन किमान १५ मिनिटं चालायला हवं, त्या दिवशी पाणी भरपूर प्यायचं, आणि पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते हे आधीच सांगायला हवं. न सांगितलं तर घरचे घाबरतात आणि दुसऱ्या वर्षीचा डोस होत नाही.

डेनोसुमॅबबद्दल आम्ही हात जोडून सांगतो. दर सहा महिन्यांनी पोटावर किंवा दंडावर घ्यायचं हे ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन चांगलं आहे, मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनाही विशेष काळजीने देता येतं. पण मध्येच सोडलं तर हाडाची झीज उसळी मारून परत येते आणि एकापाठोपाठ एक मणके दबू शकतात. चार आठवड्यांपेक्षा जास्त उशीर चालत नाही. थांबवायचंच असेल तर जागी दुसरं औषध सुरू करावं लागतं. आठवण करून देणारी व्यवस्था नसेल तिथे हे औषध सुरू करणं आम्हाला बेजबाबदारपणाचं वाटतं.

कोणतंही हाडाचं औषध सुरू करण्याआधी दात दाखवून घ्यावेत आणि काढायचे असतील ते आधी काढून घ्यावेत. औषध चालू असताना मांडीत किंवा जांघेत खोल, न समजणारी दुखण सुरू झाली तर ‘वाताचं असेल’ म्हणून सोडू नये, दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढावा. बरीच वर्षं औषध घेणाऱ्या थोड्या लोकांत मांडीचं हाड वेगळ्या पद्धतीने मोडतं, आणि मोडण्याआधी काही आठवडे ते महिने बऱ्याचदा ते असं दुखून सूचना देतं.

औषधाइतकंच महत्त्व पडण्याला आहे, कारण पडलंच नाही तर मोडणारही नाही. चांगल्या सेवेत झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या गोळ्या यांची उलटतपासणी होते. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर रक्तदाब मोजतात. वरचा आकडा २० ने घसरला तर चक्कर कुठून येते ते कळतं. मग पायाच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम: न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ओटागो पद्धतीत आठवड्यातून तीनदा अर्धा तास व्यायाम आणि दोनदा चालणं असतं. नुसतं ‘फिरायला जा’ म्हणणं पुरत नाही.

आता अशा सेवांचे दोष. पहिला, दबलेले मणके. बहुतेक मणके गुपचूप दबतात. रुग्ण ‘कंबर लचकली’ म्हणतो आणि फ्रॅक्चर क्लिनिकमध्ये येतच नाही. परिचारिकेची यादी क्लिनिकमधून बनत असेल तर हे लोक निसटतात. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या अहवालात रेडिओलॉजिस्टने ‘मणक्याचं फ्रॅक्चर’ असे स्पष्ट शब्द लिहिले आणि ते अहवाल रोज सेवेकडे गेले, तरच ही जाळी बारीक होते. तारुण्यातल्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर कमी झाले असतील तर मणक्यांचा बाजूने एक्स-रे मागून घ्यावा.

दुसरा दोष जास्त गंभीर. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या सेवांचं राष्ट्रीय ऑडिट करतं, आणि त्यात सुरुवातीच्या पायऱ्या बऱ्या, शेवटच्या कच्च्या असं चित्र दिसतं. १६ आठवड्यांच्या आत फोन करून औषध सुरू झालं का हे विचारणं, आणि वर्षाने ते चालू आहे का हे बघणं, इथे बरीच केंद्रं घसरतात. फॅमिली डॉक्टरला नुसतं पत्र पाठवणारी केंद्रं आणखी मागे पडतात. काही ठिकाणी ‘सेवा’ म्हणजे रुग्णाच्या हातात दिलेलं एक माहितीपत्रक. त्याने जवळपास काहीच साधत नाही.

पैशाच्या हिशेबात ग्लासगोची सेवा टिकते. तिथल्या आकड्यांवर २०११ साली केलेल्या हिशेबानुसार दर १,००० रुग्णांमागे १८ फ्रॅक्चर्स टळतात, त्यात ११ खुब्याची, आणि खर्च वजा जाता २१,००० पौंड वाचतात. सिडनीच्या कॉन्कॉर्ड रुग्णालयातल्या अशाच सेवेचे आकडे याहून झगझगीत आहेत: चार वर्षांत पुन्हा हाड मोडलेले सेवेत ४ टक्के, सेवेबाहेर जवळपास २० टक्के. पण तिथे बाहेर राहिलेल्यांनी स्वतःच ती वाट निवडली होती, चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते. त्यामुळे हा आकडा आम्ही जसाच्या तसा घेत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाने यातून काय घ्यावं? ‘बोन हेल्थ पॅकेज’ विकणाऱ्या ठिकाणी आधी तीन गोष्टी विचाराव्यात: माझी फाइल कोणाकडे राहणार, त्या व्यक्तीचा फोन नंबर काय, आणि चौथ्या महिन्यात फोन तुम्ही करणार की मी? उत्तरं गुळमुळीत आली तर ते पॅकेज म्हणजे तपासण्यांची बेरीज. सोसायटीत किंवा देवळाच्या सभागृहात भरणाऱ्या शिबिरात टाचेवर यंत्र लावून हाडाची घनता सांगतात. ते अल्ट्रासाउंड असतं, डेक्सा नव्हे. त्यावर औषध सुरू करू नये आणि ‘नॉर्मल’ आलं म्हणून निर्धास्तही होऊ नये. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठ आठवडे, आठवड्याला एक अशी लिहून देतात. ती रोज घेण्याची चूक होते, आणि वर्षभर कोणी न थांबवल्यामुळेही नुकसान होतं. रोजचं कॅल्शियम १,००० ते १,२०० मिलिग्रॅम हवं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास. जेवणातून जमतं तेवढं घ्यावं, उरलेलंच गोळीतून.

अशी सेवा जवळ नसेल तर घरातल्या एकाने ती जबाबदारी घ्यावी. फाइलच्या पहिल्या पानावर कोणतं हाड कधी आणि कशाने मोडलं, डेक्साचा आकडा व यंत्राचं नाव, सगळ्या गोळ्या, दात दाखवल्याची तारीख. मोरीत आणि संडासात आधाराची दांडी भिंतीत पक्की ठोकलेली, कारण टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलत नाही. सरकणारं पायपुसणं काढलेलं, रात्रीचा दिवा लावलेला. डेनोसुमॅब चालू असेल तर पुढच्या इंजेक्शनची तारीख आजच भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने, आणि तिच्या दोन आठवडे आधी दुसरी खूण: कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासायला.